गाडी जिथे, माणूस तिथे

माझा मामा लष्करात ट्रक चालवायचा. हे कुणी सांगायची गरज पडत नाही. कुणाच्याही गाडीत तो शेजारी बसला की त्याचा उजवा पाय नसलेला ब्रेक दाबत राहतो. सायकल लावताना तिचं तोंड रस्त्याकडे करून लावतो, म्हणजे निघताना वळवायला नको. आणि रस्त्याकडेला उभ्या असलेल्या परक्या गाडीच्या टायरला जाता जाता लाथ घालून हवा बघतो. एकदा ती गाडी पोलिसांची निघाली. चौकीवरून त्याला सोडवून आणायला मीच गेले होते.

त्याच्या कंपनीत माणसाला नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. बॉनेटवर जो आकडा रंगवलेला असेल तोच ड्रायव्हरचा आकडा. मामाचा ट्रक सदतीस, म्हणून मामा सदतीस. डिझेल आकड्यावर, जेवण आकड्यावर, शिव्यासुद्धा आकड्यावर. हजेरीही गाड्यांवरूनच घ्यायचे. गाडी जिथे उभी असेल तिथे तिचा माणूस हजर, असा सरळ हिशोब. टपालवालाही कुणाला शोधत हिंडायचा नाही. ज्या नंबरचं पत्र असेल त्या ट्रकचं दार उघडायचा आणि सीटवर टाकून द्यायचा. ड्रायव्हर गाडीपाशी येणारच, जाईल कुठे! मामाला ही पद्धत फार आवडायची. पत्र कधी हरवत नाही, असं तो सांगायचा.

माझं शिवणकामाचं दुकान आहे. शिवणकाम म्हणायचं आपलं. निम्म्याहून जास्त काम उसवण्याचं असतं. लोक जाड होतात आणि कपड्यांना दोष देतात. एका दुपारी मी अशाच एका गृहस्थांच्या पॅंटची कंबर सैल करत बसले होते, तेव्हा मामा आत आला आणि काउंटरवर एक प्लास्टिकची पिशवी ठेवली. आत त्याचे लष्करातले सगळे कागद.

"एक अर्ज लिहून दे," तो म्हणाला. "माझी दोन सन्मानचिन्हं राहिलीत. रेकॉर्डवर चढवून घ्यायचीत."

"कुठली?"

"खिंडीचं पदक. त्या हिवाळ्यात वरच्या रस्त्यावर जे जे होते त्या सगळ्यांना दिलं ते. आणि एक प्रशस्तीपत्र. जखमी खाली आणले होते मी, त्याचं. साहेब म्हणाला होता, देतो म्हणून."

मामाने सत्तरी कधीच ओलांडली होती. मी सुई खाली ठेवली. "मामा, युद्ध संपून चाळीस वर्षं होऊन गेली. पेन्शन वाढणार आहे का त्याने?"

"नाही."

"मग हा उद्योग कशाला?"

"तुझी मामी दवाखान्यातून घरी आली ना," तो म्हणाला, आणि पिशवीतले कागद उगाच सारखे करत बसला.

मामीला आठवड्यापूर्वी हृदयाचा झटका येऊन गेला होता. सौम्य होता, पण झटका तो झटकाच. मी दुकानाचं दार लोटून घेतलं आणि चहा मागवला. घरातल्या सगळ्यांना अर्धी माहीत असलेली गोष्ट त्या दिवशी मामाने मला पूर्ण सांगितली.

त्या हिवाळ्यात सीमेवर लढाई लागली आणि सगळा ताफा खिंडीच्या रस्त्यावर निघाला. निघायच्या आदल्या संध्याकाळी सदतीसचा गिअरबॉक्स गेला. त्याच संध्याकाळी बावन्न नंबरच्या ट्रकच्या ड्रायव्हरला कावीळ झाली. लष्करी रुग्णालय भरलेलं, म्हणून त्याला गावातल्या धर्मादाय दवाखान्यात टाकलं. एक गाडी माणसावाचून, एक माणूस गाडीवाचून. साहेबाने मामाला बावन्नवर बसवला आणि ताफा निघाला. पण नियम असा, की जुनी गाडी वर्कशॉपने अधिकृतपणे निकालात काढेपर्यंत माणसाचा आकडा बदलत नाही. सदतीस दुरुस्तीला डेपोत उभा होता, तेव्हा हजेरीच्या हिशोबाने मामाही डेपोतच होता. आणि बावन्न खिंडीत होता, म्हणून दवाखान्यात पिवळाधमक पडलेला त्याचा ड्रायव्हर खिंडीत होता.

इथवर हसण्यासारखं आहे. मीही हसले.

पण घरी चिंगी आजारी पडली. चिंगी मामाची पहिली मुलगी, चार वर्षांची. तिला मी पाहिलेलं नाही, माझ्या जन्माआधीची गोष्ट. तापाने फणफणली, उतरेचना. मामीने तार केली. डेपोतल्या टपालवाल्याने पद्धतीप्रमाणे ती सदतीसच्या सीटवर टाकली. चार दिवस उत्तर नाही म्हटल्यावर मामीचा भाऊ स्वतः डेपोच्या फाटकावर जाऊन थडकला. पहारेकऱ्याने हजेरीपट बघितला आणि सांगितलं, "सदतीसवाला ना? आहे की आत." निरोप पाठवला. कुणी बाहेर आलं नाही. भाऊ संध्याकाळपर्यंत थंडीत उभा राहिला आणि परत गेला. बहिणीला म्हणाला, "तो तिथेच आहे. पण बाहेर आला नाही."

दोन दिवसांनी चिंगी गेली.

मामा बर्फ वितळल्यावर खाली आला. आपली गाडी दुरुस्त झाली का बघायला वर्कशॉपमध्ये गेला, दार उघडलं, तर सीटवर तार.

"तू मामीला सांगितलं नाहीस हे?" मी विचारलं.

"सांगितलं. घरी गेल्या गेल्या सांगितलं. वर खिंडीत होतो, तार उशिरा मिळाली."

"मग?"

"ती म्हणाली, बरं."

मामीचं 'बरं' ज्याला माहीत आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. दूधवाल्याने दुधात पाणी नाही म्हटलं की मामी 'बरं' म्हणते. पोरांनी अभ्यास झाला म्हटलं की 'बरं'. ते ऐकलं की माणूस आपणहून गप्प होतो. तरी तेव्हा तिच्या मनात थोडी शंका शिल्लक असेल, असं मला वाटतं. पण पुढच्या वर्षी कंपनीच्या संचलनात खिंडीची पदकं वाटली. बायकामुलं, पाहुणे सगळे खुर्च्यांवर. बावन्नला पुकारलं, त्याने पुढे होऊन सलाम ठोकला. सदतीसला कुणी पुकारलंच नाही. मामीचा भाऊ शेजारीच बसला होता. तो एवढंच म्हणाला, "खिंडीत होता म्हणे!"

भाऊ जाऊन कित्येक वर्षं झाली. त्याचं वाक्य मात्र घरात राहिलं. पुढे मामा-मामीला मुलगा झाला, मोठा झाला, परदेशी गेला. मामा-मामी एका ताटात जेवल्यासारखे राहिले. मामी त्याच्या मोज्यांना रफू करते, तो तिच्या गोळ्या वेळच्या वेळी काढून देतो. भांडण नाही, तंटा नाही. फक्त चिंगीचा विषय त्या घरात निघत नाही. मला वाटायचं दुःख असेल म्हणून. दुःख होतंच, पण त्याच्या खाली हे होतं.

"कागद आला की तिला दाखवेन," मामा म्हणाला. "माझ्या तोंडावर तिचा विश्वास नाही. सरकारी शिक्क्यावर बसेल."

मी अर्ज लिहिला. चांगला लिहिला होता, माझं अक्षर मोत्यासारखं आहे. तीन महिन्यांनी परत आला. कारण सही समासात गेली होती. पुन्हा लिहिला. या वेळी उत्तर आलं की तत्कालीन कमांडरचं प्रमाणपत्र जोडा. कमांडर कधीच वारला होता. तसं कळवलं. त्यावर उलट टपाली पत्र, की कमांडर वारल्याचा दाखला जोडा. मी ते पत्र वाचून दुकानात एकटीच इतकी ओरडले की गिऱ्हाईक ट्रायल रूममधून अर्ध्या कपड्यांत बाहेर आलं.

शेवटी आम्ही दोघं रेकॉर्ड ऑफिसातच जाऊन बसलो. लांब खोली, छतापर्यंत लोखंडी मांडण्या, एका खिडकीशी चार बाकडी. खिडकीतल्या कारकून बाईंनी अंबाड्यात पेन्सिल खोचलेली होती, आणि ती शोधण्यात त्यांचा बराच वेळ जात होता. बाई वाईट नव्हत्या. मामाचं सगळं बोलणं त्यांनी मान खाली घालून ऐकून घेतलं. मध्ये एकदा फाइल मागवली, एकदा डबा उघडून बिस्किट खाल्लं.

"आजोबा, तुम्ही म्हणता ते खरं असेलही," त्या म्हणाल्या. "पण कागदाचं काय करायचं? एका गाडीला एकच ड्रायव्हर. बावन्नवर तुम्ही होतात, तर बावन्नवाले कुठे होते?"

"दवाखान्यात."

"ते त्यांनी लिहून द्यायला हवं. स्वतः. मी तिथे नव्हतो, म्हणून."

"आणि दिलं तर?" मी विचारलं.

"तर यांचं नाव चढेल. आणि त्यांचं उतरेल. पदक परत करावं लागेल त्यांना."

मामा उठला. बाईंना नमस्कार केला आणि चालू पडला. मी मागून धावत गेले. बसस्टॉपवर तो म्हणाला, "संपलं. घरी जाऊ."

कारण बावन्न हा त्याचा जिवाभावाचा मित्र. दोघं एकदम भरती झाले, एकदम सुटले. अजूनही महिन्यातून एकदा एकमेकांकडे जातात आणि दोघांनाही नीट ऐकू येत नसल्यामुळे दोघंही सुखाने बोलत बसतात. शेजारच्या गावात बावन्नचं टायरचं दुकान. माणूस आडवातिडवा, आवाज मोठा. माजी सैनिकांच्या संघटनेचा तो अध्यक्ष. वर्षाच्या मेळाव्यात खिंडवाल्यांसाठी पहिल्या रांगेत राखीव खुर्च्या असतात, त्यातली मधली त्याची. शाळांतून त्याला खिंडीच्या गोष्टी सांगायला बोलावतात. त्या गोष्टी त्याला कुणी सांगितल्या, हे वेगळं सांगायला नकोच. मामाने असल्या एका कार्यक्रमाला मागच्या बाकावर बसून टाळ्यासुद्धा वाजवल्या आहेत.

मामा घरी जाऊ म्हणाला, पण मी ऐकणारी नव्हे. पुढच्या रविवारी त्याला जवळजवळ ओढतच बावन्नच्या दुकानात नेला.

दुकानात सगळीकडे काळे टायर रचलेले, मध्ये पाण्याची टाकी, त्यात ट्यूब बुडवून बावन्न बुडबुडे शोधत होता. आम्हाला बघून खूश झाला. मामाने टायरांचे भाव विचारले. मग रबराच्या प्रतीवर दोघं बोलले. मग पूर्वीचं रबर कसं होतं यावर. मग आताच्या पोरांना पंक्चर काढता येत नाही यावर. मी वाट बघून बघून कंटाळले.

"काका," मी म्हटलं, "मामाला खिंडीचं पदक हवंय. तुम्ही तिथे नव्हता असं तुम्ही लिहून दिलं तरच मिळेल. आणि मग तुमचं जाईल."

मामाने माझ्याकडे असं पाहिलं की आता आठवलं तरी कान गरम होतात. बावन्नने ट्यूब पाण्यातून काढली, पुसली, खुंटीला अडकवली.

"चाळीस वर्षांनी आठवलं तुला?" तो मामाला म्हणाला.

"मला तेव्हापासून आठवतंय."

"मग तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरली होतीस?"

"तुझं तुला मिळालंय, मला पुढच्या यादीत मिळेल, असं वाटलं. साहेब तसं म्हणाला होता."

"माझी नातवंडं आहेत, सदतीस. ती ते पदक शाळेत घेऊन जातात. त्यांना काय सांगू? आजोबा खाटेवर पडून मोसंबी खात होते?"

"काही सांगू नकोस," मामा म्हणाला. "राहू दे. ही आपली उगाच बोलली." आणि तो दुकानातून बाहेर पडला. जाताना सवयीने दारातल्या टेम्पोच्या टायरला लाथ मारली.

परतीच्या बसमध्ये मी माफी मागायची म्हणून तोंड उघडलं, पण त्याआधी तोच बोलला. खिडकीबाहेर बघत बोलला, पाय त्या नसलेल्या ब्रेकवर.

"मला ते छातीवर लावून मिरवायचं नव्हतं गं. मला तुझ्या मामीला एक विचारायचं होतं. शेवटच्या दिवसांत चिंगीने माझी आठवण काढली का. बास, एवढंच."

"मग विचार की! त्याला पदक कशाला लागतं?"

"जो जवळ असून आला नाही, त्याने हे विचारायचं असतं का?" तो म्हणाला. "तिच्या लेखी मी तोच आहे. कुठल्या तोंडाने विचारू?"

मला रडू आलं. मी रडणाऱ्यांतली नाही, पण आलं. बसमध्ये सगळ्यांसमोर आलं, आणि कंडक्टरने सुटे मागितले तेव्हा मी त्याच्यावरच डाफरले.

त्यानंतर महिना-दीड महिना तसाच गेला. पिशवी माझ्या दुकानात फळीवर पडून होती. दोघं मित्र एकमेकांकडे गेले नाहीत, हे मला मामीकडून कळलं. "बावन्नभावजी आले नाहीत बऱ्याच दिवसांत," ती म्हणाली. मी विषय बदलला.

मग एकदा मी मामीकडे पडदे लावायला गेले होते. खालची पट्टी मीच नव्याने घालून दिली होती. मामा औषधं आणायला बाहेर गेला होता. मी स्टुलावर उभी, मामी खाली बसून कड्या मोजून देत होती. तेवढ्यात दारावर थाप पडली. मामीने दार उघडलं. बावन्न उभा. अंगात मेळाव्याचा कोट, हातात छोटी डबी.

"तो नाहीये ना घरात?" त्याने विचारलं.

"औषधं आणायला गेलेत. या ना."

"बरं झालं. तो असता तर मला बोलू दिलं नसतं." तो खुर्चीत बसला, पण टेकून नाही. "वहिनी, मी खिंडीत नव्हतो."

मामीच्या हातात कड्या तशाच राहिल्या.

"मला कावीळ झाली होती. गावातल्या दवाखान्यात पडलो होतो सगळा हिवाळा. माझी गाडी हा चालवत होता. वर, बर्फात. आमची हजेरी गाड्यांवरून असायची. याची गाडी डेपोत म्हणून कागदावर हा डेपोत, माझी खिंडीत म्हणून मी खिंडीत. पदक वाटलं तेव्हा मला पुकारलं. मी गेलो. एकदा गेलो की मग... वर्षं गेली, वहिनी."

मामी खाली बघत होती. "माझा भाऊ फाटकावर गेला होता," ती म्हणाली. "त्याला सांगितलं आत आहेत म्हणून."

"पहारेकरी हजेरीपट बघून सांगणार. त्यात तसंच लिहिलेलं."

"आणि तार?"

"तार गाडीतच टाकायचे आमच्याकडे. सीटवर. वर्कशॉपमध्ये बंद गाडी उभी, तिच्यात ती तार. कुणी दारसुद्धा उघडलं नसेल." बावन्न डबीचं झाकण उघडत-मिटत होता. "खाली आला त्या दिवशी तो पहिला माझ्याकडे आला, दवाखान्यात. खाटेवर बसला. तार माझ्या हातात दिली. म्हणाला, यावरची तारीख वाच. मी वाचली. म्हणाला, परत वाच. मी परत वाचली. किती वेळा वाचायला लावली ते विचारू नका."

मी स्टुलावरच उभी होते, उतरायचं मला सुचलं नाही.

मामी 'बरं' म्हणाली नाही. मी कान देऊन ऐकत होते. ती म्हणाली, "चहा टाकते," आणि आत गेली. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बराच वेळ चालू राहिला, चहाला इतकं पाणी लागत नाही.

मामा औषधं घेऊन आला आणि दारातच थबकला. बावन्नने खिशातून चष्मा काढला.

"कुठे सही करायची ते सांग, सदतीस," तो म्हणाला. "आणि समासात जाऊ देऊ नकोस, या पोरीने सगळं सांगितलंय मला फोनवर."

फोन मी केला नव्हता, असं मी म्हणणार नाही. चार वेळा केला होता. पहिल्या तीन वेळा त्याने ठेवून दिला.

पुढचं सगळं सरकारी गतीने झालं. बावन्नची जबानी गेली, डबी रजिस्टर टपालाने परत गेली. कारकून बाईंनी पेन्सिल शोधून काढून एक शेरा लिहिला. पावसाळा गेला, थंडी आली, आणि मग आदेश आला. खिंडीचं पदक मंजूर. प्रशस्तीपत्र नामंजूर, कारण ज्यांना खाली आणलं ते जखमी कोण होते हे मामाला सांगता येत नव्हतं. "नावं विचारायला वेळ कुणाला होता," मामा म्हणाला. "जिवंत आहेत का एवढंच बघत होतो." मी अपील करू म्हणून कंबर कसली. तो म्हणाला, पुरे.

आदेशात तारखा दिलेल्या होत्या, अमुक दिवसापासून अमुक दिवसापर्यंत खिंडीच्या रस्त्यावर हजर. मामाने तो कागद मामीच्या हातात दिला. तिने चष्मा लावून त्या दोन तारखाच तेवढ्या वाचल्या, बाकीचं काही नाही. मग नीट घडी करून स्वतःच्या कपाटात ठेवला. मामाच्या कपाटात नाही. पण बोलली काहीच नाही, आणि मामानेही काही विचारलं नाही. मला दोघांना धरून गदागदा हलवावंसं वाटत होतं.

पदक मागाहून आलं, साध्या पाकिटात, फितीशिवाय. फीत साठ्यात शिल्लक नव्हती म्हणे. ती बावन्नने पाठवली. त्याने पदक परत केलं होतं, पण फीत काढून ठेवली होती. "फितीवर काही कुणाचा नंबर नसतो," असा निरोप होता. मेळावा तोंडावर आला होता. या वर्षी पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीवर सदतीस बसणार, असं अध्यक्षांनी स्वतः जाहीर करून टाकलं होतं. शाळांतून गोष्टी सांगणं मात्र त्याने सोडलेलं नाही. आता 'माझा मित्र सदतीस' म्हणून सांगतो. गोष्ट आधीपेक्षा लांब झाली आहे.

मी मामाचा कोट घ्यायला घरी गेले. त्यावर चार पदकं आधीची होती, एका पट्टीवर ओळीने शिवलेली. त्यात एक भानगड असते. पदकं कशीही लावून चालत नाही, ज्या मोहिमेचं आधी त्याची जागा आधी. खिंडीचं सगळ्यांत जुनं. म्हणजे ते पहिलं येणार, आणि बाकीची चारही उसवून एकेक घर पुढे सरकवायची. टाके मामीनेच घातलेले, तिच्या तरुणपणी, बारीक आणि घट्ट. मी टेबलाशी बसून उसवायला घेतलं.

"इकडे आण," मामी म्हणाली. "माझे टाके आहेत. मी उसवते."

तिने लहान कात्री घेतली आणि कोट मांडीवर ओढला. मामा समोर बसला होता. तिने पहिला टाका कापला, दोरा ओढून काढला, दुसरा कापला. मामा तिच्या हातांकडे बघत राहिला. मग त्याने घसा साफ केला.

"चिंगीने," तो म्हणाला, आणि थांबला. त्या घरात तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. "चिंगीने शेवटी माझं काही विचारलं होतं का गं?"

कात्री थांबली नाही.

"रोज विचारायची," मामी म्हणाली. "सकाळी उठली की पहिलं तेच. बाबांचा ट्रक आला का? मी म्हणायचे, वाटेत आहेत. डोंगर मोठा आहे, गाडी हळू चालवतात, पण वाटेत आहेत." तिने आणखी एक दोरा ओढला. "ती म्हणायची, हॉर्न वाजला की मला उठव. मी म्हणायचे, उठवेन. मग झोपायची."

मामाने दोन्ही हात टेबलावर ठेवले होते.

"मग दादा आला आणि म्हणाला, ते डेपोत आहेत," मामी म्हणाली. "त्यानंतरही मी तिला वाटेत आहेत असंच सांगितलं. दोन दिवस सांगितलं. जाताना पोरीला खोटं सांगून पाठवली, हेच मनात धरून बसले होते मी इतकी वर्षं." तिने कात्री खाली ठेवली आणि पहिल्यांदा त्याच्याकडे वर बघितलं. "पण तुम्ही होतात वाटेत."

"होतो," मामा म्हणाला.

"खोटं नव्हते बोलले मी."

"नाही."

मामीने पट्टीवरचे उरलेले धागे बोटांनी वेचून काढले, पहिली जागा हाताने सपाट केली आणि कोट माझ्याकडे सरकवला.

"आता शिव," ती म्हणाली. "दोरा दुहेरी घे."